मूळच्या कुठल्या?

"तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" हा प्रश्न गिऱ्हाईक नेहमी आयब्रो करतानाच विचारतं, आणि नेमका तेव्हा माझ्या दातांत दोरा असतो. मग उत्तरंही तीच देते. नेपाळ? मणिपूर? दार्जिलिंग? दोरा सुटला की मी सांगते, माझगाव. "तसं नाही हो, मूळच्या?" मग मी म्हणते, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या. तुम्ही विचारलंत म्हणून आज दोरा खाली ठेवून सांगते.

माझे आजोबा, आमचे येये, दक्षिण चीनमधल्या कँटनकडून बोटीवर सुतार म्हणून आले आणि इथल्या गोदीत कामाला राहिले. त्यांच्या आधी आलेल्यांनी 1919 साली नवाब टँक रोडला देऊळ बांधलं होतं, सी युप कून. सी युप म्हणजे चार तालुके. पोटासाठी दर्यापार गेलेली कितीतरी माणसं त्या चार तालुक्यांतली. देवळात खाली क्वान यिन देवी, वरच्या मजल्यावर क्वान कुंग देव. नव्या वर्षाला आम्ही अजून तिथे जातो, पोरांना लाल पाकिटं वाटतो, आणि पोरं आपसात हिंदी-मराठीत भांडतात. घरची बोली मला येते ती जेवणापुरती आणि शिव्यांपुरती.

1962 च्या चीन युद्धानंतर येयेंना दर ठरलेल्या दिवशी चौकीत हजेरी होती. ते परदेशी, ठीक आहे. पण माझे वडील मुंबईत जन्मलेले. त्या वर्षीच्या कायद्यानं आईबाप किंवा आजी-आजोबा चिनी नागरिक असले तरी माणूस परदेशी धरता यायचा. राजस्थानात देवळीच्या छावणीत तर सुमारे तीन हजार जणांना नेऊन ठेवलं, बरेचसे आसाम-दार्जिलिंगकडचे. आमच्या घरी हा विषय निघाला की आजी उठून भांडी घासायला बसायची, घासलेली असली तरी. 2020 साली गलवानच्या चकमकीनंतर पंधरा वर्षं माझ्याकडे येणारी एक गिऱ्हाईक यायची बंद झाली. नंतर आली, काही बोलली नाही, मीही नाही. आयब्रो मात्र भलत्याच वाढल्या होत्या.

(मांचुरियनचं विचारू नका. ते मुंबईतलंच. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 च्या सुमारास इथे केलं. आजीनं एकदाच चाखून ताट सरकवलं होतं.)

आता खरं उत्तर. ते अँटॉप हिलच्या आमच्या कब्रस्तानात आहे. एप्रिलमध्ये चिंग मिंगला आम्ही थडगी साफ करतो, संत्री ठेवतो, उदबत्त्या लावतो. आमच्यात थडग्यावर नावासोबत मूळ गाव कोरतात. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत. येयेंचं थडगं मी भिंतीपासून मोजत शोधते. एकदा देवळातल्या एका म्हाताऱ्या काकांना फोनवर फोटो दाखवला. त्यांनी वाचलं, "तोइशान." त्या चार तालुक्यांतलाच एक. मग वडिलांच्या थडग्याचा दाखवला. तिथेही तोइशान. जन्म मुंबईतला, चीन कधी पाहिला नाही, लोकलचा पास सोडून दुसरा पास कधी काढला नाही, तरी दगडावर गाव तेच.

भावाला सांगून ठेवलंय, माझ्यावर माझगाव घाल. तो म्हणाला, घालतो, पण चिनीत माझगाव कसं लिहायचं ते त्या काकांना आत्ताच विचारून ठेव. काका आता नव्वदीला आलेत.