रेट सांगायला शिकायला मला दीड वर्ष लागलं

2017 ला मी पेन्शन आलो. सतरा वर्षं ईएमईमध्ये (फौजेची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) इलेक्ट्रिशियन, हवालदार. वय छत्तीस, दोन मुलं शाळेत, भांडुपला सासऱ्यांनी बघून दिलेली वन रूम किचन, आणि शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन. गावाला साताऱ्याकडे सगळे "मेजर" म्हणायचे (फौजेत कुठल्याही पोस्टवर असा, गावात मेजरच), पण मुंबईत भेटेल तो एकच विचारायचा, "मग आता कुठे, सिक्युरिटीला का?"

गेलो सिक्युरिटीला. विक्रोळीकडच्या एका कंपनीत सुपरवायझर, बारा तासांची ड्युटी. ते काम कमी आहे असं मी कधीच म्हणणार नाही, माझे कितीतरी बॅचमेट आजही इमानदारीत करतायत आणि त्यावर पोरं शिकवतायत. पण वर्षभरात मला एकानेही विचारलं नाही की बाबा तुझा ट्रेड काय होता. जनरेटर, स्टार्टर, मोटार वायंडिंग, बर्फात बंद पडलेली गाडी रात्री उभी करणं, सगळं डोक्यात आणि हातात होतं आणि मी गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत होतो. ते आतून खायचं.

पंपाचं काम योगायोगाने आलं. आमच्याच बिल्डिंगचा पाण्याचा पंप पहाटे ट्रिप झाला, खाली टाकी भरलेली, वर थेंब नाही, सगळे जिन्यात उभे. मी तेव्हा नाईट करून आलो होतो, तसाच कव्हर उघडून बसलो. बेअरिंग गेलेलं, सील गळत होतं. तात्पुरतं चालू केलं, आणि मग दुपारी झोपायचं सोडून नागदेवी स्ट्रीटला जाऊन सामान आणून व्यवस्थित बसवलं. सेक्रेटरी म्हणाले, "फौजीसाहेब, किती झाले?" मी म्हणालो, "द्या काय योग्य वाटेल ते."

त्यांनी पाचशे दिले. मी आनंदात घरी.

बायकोने विचारलं, "अहो, सील कितीला आणलं?" 380. "आणि बेअरिंग?" दोन मिळून 460. ती काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली की तुम्ही 340 रुपये देऊन काम करून आलात.

आता ज्यांना फौज माहीत नाही त्यांना हे खरं वाटणार नाही, पण विचार करा, एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला माणूस, त्याने आयुष्यात कधी स्वतःच्या कामाची किंमत तोंडाने सांगितलेलीच नसते. हुकूम येतो, काम होतं, पगार खात्यात पडतो, राशन लंगरमधून, कपडे स्टोअरमधून, साबण कॅन्टीनमधून. उलट पैशाबद्दल बोलणं हलकं मानायचं हीच सवय. गोळीबारात पाय न लटपटलेली माणसं मी बघितलीत आणि तीच माणसं सिव्हिलमध्ये आल्यावर "बावीसशे होतील" एवढं वाक्य बोलू शकत नाहीत. मी स्वतः सोसायटीच्या कमिटीसमोर नकळत सावधानमध्ये उभा राहायचो. एका ठिकाणी खजिनदार म्हणाले, तुम्ही तर देशसेवा केलीय, आमचीही थोडी करा, कमी करा, आणि मी लगेच कमी केले.

मला शिकवलं बायकोने. खरं सांगायचं तर सिव्हिलमध्ये सतरा वर्षांची सर्व्हिस तिची झाली होती, माझी नाही. मी पोस्टिंगवर असताना शाळेची फी, गॅस, प्लंबर, भाजीवाला, घरमालक सगळ्यांशी तीच बोलत होती, कुठे थांबायचं कुठे ताणायचं तिला बरोबर कळतं. तिने स्टेशनरीच्या दुकानातून बिलबुक आणलं आणि रोज रात्री जेवण झाल्यावर मला बसवायची, मी सेक्रेटरी, बोला कोटेशन. रेट सांगून झाल्यावर मी घाईघाईत "बघू, कमी करू" जोडायचो, तिथे ती थांबवायची. रेट सांगा आणि गप्प बसा. समोरचा काय बोलेल ते आधी ऐका. ही एक गोष्ट यायला मला दीड वर्ष लागलं, बाकी धंदा त्या मानाने सोपा होता.

फौजेचं कामाला काय आलं? लॉगबुक. वर्कशॉपमध्ये प्रत्येक गाडीचं रेकॉर्ड असतं तसं मी प्रत्येक सोसायटीच्या पंपाचं रजिस्टर ठेवायला लागलो. महिन्यातून एकदा टाँग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजायचा मीटर) लावायचा आणि अँपिअर लिहायचे. पाच एचपीचा थ्री फेज पंप साधारण साडेसातच्या आसपास घेतो, तो सव्वाआठ, नऊ दाखवायला लागला की समजायचं आत काहीतरी जड होतंय, वायंडिंग जळायच्या आधी उघडा. हे रजिस्टर पंपरूममध्येच लटकवलेलं असतं, कोणीही बघावं. पहिली तीन वार्षिक कंत्राटं मला त्या रजिस्टरने मिळवून दिली, मी फक्त रेट सांगून गप्प बसलो.

चुका पण लिहितो. पीएमईजीपी या सरकारी कर्ज-सबसिडीच्या योजनेत माजी सैनिक स्पेशल कॅटेगरीत येतो, स्वतःचे फक्त 5 टक्के घालायचे आणि शहरात 25, गावाला 35 टक्के सबसिडी, पण ते नवीन धंद्याला. मला कळलं तेव्हा माझा चालू झालेला होता, मग मुद्रा या छोट्या धंद्यांच्या सरकारी योजनेतलं किशोर लोन घेतलं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होतं आणि मी एका एजंटला त्याचे पैसे दिले. आणि डीजीआरचे (फौजींच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) कोर्स पेन्शनच्या आधी, युनिटमधून अर्ज करून करायचे असतात, मी तेव्हा सुट्ट्या संपवत बसलो. जे अजून आत आहेत त्यांनी हे आत्ताच बघा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण जाऊन बसा, लाजू नका.

हे सगळं आज लिहायचं कारण गावचा एक पोरगा. अग्निवीर, पहिल्या बॅचमधला. स्कीम आली जून 2022 ला, चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे राहणार, बाकीच्यांना साधारण 11.71 लाख सेवा निधी आणि पेन्शन नाही. पहिल्या बॅचची चार वर्षं 2026 च्या शेवटाला आणि 2027 च्या सुरुवातीला भरतात. माझ्या चुकांना खाली पेन्शनची जाळी होती, महिन्याच्या एक तारखेला घर चालत होतं. याला ती नाही. आणि अकरा लाख घेऊन तेवीस-चोविशीतला पोरगा गावात आला की पार्टनरशिपवाले, प्लॉटवाले, डबल करून देणारे सगळे दारात येणार, माझ्याकडे पण आले होते फंड मिळाल्यावर.

त्याचा फोन आला, "तात्या, मुंबईत कुठे सिक्युरिटीला लागंल का?"

मी विचारलं, तुझा ट्रेड काय रे? तो जरा थांबला आणि मग दहा मिनिटं बोलतच राहिला, रेडिओ सेट, बॅटरी, चार्जिंग, केबल जोडणी. सुट्टीवर आला की आठवडाभर माझ्याकडे राहणार आहे. पहिले दोन दिवस त्याला टूलबॅग देणार. तिसऱ्या दिवशी मुलुंडच्या एका सोसायटीत कमिटीची मीटिंग आहे, तिथलं कोटेशन त्याने सांगायचं, मी बाजूला बसणार. बायको म्हणाली आदल्या रात्री त्याला जेवायला इकडेच थांबवा, सेक्रेटरी मी होते.