ट्रुक की कोरॉन? रेक डायव्हिंगचं ठिकाण ठरवतानाचा माझा अनुभव

रेक डायव्हिंग म्हणजे बुडालेल्या जहाजांवर जाऊन स्कूबा करणं. याचा नाद एकदा लागला की दोन नावं सारखी कानावर पडत राहतात, एक ट्रुक लगून आणि दुसरं फिलिपिन्समधलं कोरॉन. दोन्हीकडे दुसऱ्या महायुद्धातली जपानी जहाजं, दोन्हीकडे ती अमेरिकन नौदलाच्या विमानांनीच बुडवलेली, साल पण एकच, १९४४, आणि पाणी बारा महिने गरम त्यामुळे जाड सूटची भानगड नाही. मग ठरवायचं कसं? मी आणि माझा मामेभाऊ यावरून जवळजवळ अख्खा पावसाळा भांडत होतो, त्यातून जे काही कळलं ते लिहून ठेवतेय.

आधी आमची तयारी किती होती ते सांगते कारण पुढचं सगळं त्यावर अडलं. दोघंही अंदमानात हॅवलॉकला शिकलो, ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर पर्यंत, म्हणजे ३० मीटरची परवानगी. मी नंतर डीप स्पेशल्टी केली, ती ४० मीटरपर्यंत, आणि हौशी डायव्हरसाठी तिथे गाडी थांबते, त्याखाली जायचं तर टेक्निकल डायव्हिंगचं वेगळं शिक्षण, वेगळे गॅस, वेगळं सामान. जहाज म्हणावं असं काही पाहिलं होतं ते गोव्यात ग्रँड आयलंडजवळचं सुझीज रेक, उथळ आहे आणि पाणी बऱ्याचदा इतकं गढूळ की बड्डीचे, म्हणजे सोबतच्या डायव्हरचे, फिन (पायातले वल्हे) दिसले तरी नशीब. (आपल्याकडे निवतीजवळ नौदलाची निवृत्त झालेली गुलदार ही लँडिंग शिप बुडवून डायव्हिंगसाठी वापरायची योजना आहे, ते झालं तर पुण्याहून रात्रीच्या गाडीने रेक डायव्हिंगला जाता येईल, पण तो विषय वेगळा.)

भावाचं पहिल्यापासून एकच, "ताई, रेक करायचे तर ट्रुकच. बाकी सगळा टाइमपास." आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ट्रुक म्हणजे आजच्या मायक्रोनेशिया देशातलं चुक राज्य. प्रवाळाच्या भल्यामोठ्या कड्याने वेढलेलं खाजण आणि मध्ये डोंगराळ बेटं, जपानी नौदलाचा पॅसिफिकमधला मोठा तळ इथे होता. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकेने ऑपरेशन हेलस्टोनमध्ये विमानवाहू जहाजांवरून लाटेवर लाट विमानं पाठवली. मोठ्या युद्धनौका आधीच निसटल्या होत्या, पण मालवाहू जहाजं, टँकर, काही विनाशिका अशी चाळीसच्या वर जहाजं तळाला गेली आणि अडीचशेच्या वर विमानं गेली. ती जहाजं आत भरलेल्या मालासकट बुडाली ही ट्रुकची खरी गंमत. फुजिकावा मारूच्या पोटात झिरो लढाऊ विमानांचे सांगाडे आहेत आणि वर्कशॉपमध्ये एक एअर कॉम्प्रेसर आहे ज्याला सगळे डायव्हर आर-टू-डी-टू म्हणतात कारण तो दिसतोच त्या स्टार वॉर्समधल्या रोबोसारखा. शिनकोकु मारू हा टँकर पर्ल हार्बरवर गेलेल्या ताफ्याला तेल पुरवायला सोबत होता, आता तो मऊ प्रवाळांनी असा मढलाय की पत्रा दिसत नाही. हेइआन मारू दीडशे मीटरच्या वर लांब, पाणबुड्यांची सेवा करणारं जहाज, पेरिस्कोप अजून तिथेच पडलेत.

पण भावाने जी यादी केली होती ती बघून मी म्हणलं अरे हे सगळं खोल आहे. सान फ्रान्सिस्को मारूच्या डेकवरचे रणगाडे, ज्यांचे फोटो दाखवून तो मला पटवत होता, ते पन्नास मीटरच्या आसपास आहेत. त्याच्याकडे ३० ची परवानगी, माझ्याकडे ४० ची. आणि परवानगी हा नुसता कागद नसतो, गणित बघा, ४० मीटरवर दाब पाच बार होतो म्हणजे टाकीतली हवा वरच्यापेक्षा पाचपट वेगाने संपते, आणि डेकोशिवाय, म्हणजे वर येताना अंगातला नायट्रोजन निघून जायला जागोजागी थांबायची सक्ती न होता, साध्या हवेवर तिथे मिळतात आठ-नऊ मिनिटं. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, घेऊन पण फार फरक नाही पडत, ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण ३४ मीटरच्या खाली न्यायचंच नसतं, ऑक्सिजनचा दाब जास्त होतो. ३० मीटरला मात्र तेच नायट्रॉक्स वीसची तीस मिनिटं करून देतं, म्हणजे आमची खरी मजा २० ते ३४ च्या पट्ट्यात. ट्रुकला त्या पट्ट्यातली जहाजं नाहीत असं अजिबात नाही, वर सांगितलेली तिन्ही जमण्यातली, पण ज्याच्यासाठी एवढ्या लांब जायचं तेच वरून बघून यायचं हे मला पटेना. तो म्हणाला तू उगाच घाबरतेस. मी म्हणलं घाबरते, बरं.

मग आला पासपोर्ट, आणि तिथे वाद बराचसा संपला. मायक्रोनेशियाला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे वाचून भाऊ उड्या मारत होता, पण तिथे पोचायची सरळ वाट ग्वामवरून जाते, आणि ग्वाम म्हणजे अमेरिका, तिथे नुसतं विमान बदलायचं तरी अमेरिकेचा व्हिसा हवा. माझ्याकडे ऑफिसच्या कामामुळे बी-१ होता, त्याच्याकडे नव्हता आणि मुलाखतीची तारीख आमच्या सुट्टीच्या पार पलीकडची. ग्वाम टाळून जायच्या वाटा शोधल्या, त्या इतक्या वळशाच्या की अर्धी सुट्टी एअरपोर्टवर. व्हिसा असता तरी मुंबईहून आधी मनिलासारखं एखादं मोठं शहर, तिथून ग्वाम, ग्वामहून चुक, पुढच्या फ्लाइट रोज नाहीत, एक चुकली की गेलं. आणि परतीला पण तेच, त्यात शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास थांबायचं असतं.

फिलिपिन्सने जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवस व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केलीये, अमेरिका, जपान, शेंगेन असला एखादा चालू व्हिसा असेल तर ३० दिवस. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट, आणि पोचायच्या आधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हलचा ऑनलाइन फॉर्म भरून क्यूआर कोड घ्यायचा. बास. भावाचा चेहरा पडला होता पण फॉर्म त्यानेच भरले दोघांचे.

आता कोरॉनबद्दल. २१ सप्टेंबर १९४४ ला अमेरिकन विमानांनी मनिलाच्या खाडीवर हल्ला केला, तिथून वाचलेली जपानी जहाजं बेटांच्या आडोशाला म्हणून कोरॉनच्या बाजूला येऊन लपली, आणि तीनच दिवसांत, २४ सप्टेंबरला, विमानवाहू जहाजांवरून कित्येकशे मैल उडत आलेल्या विमानांनी ती शोधून बुडवली. ही यादी वाचताना मला अकित्सुशिमा सापडलं. हे होतं सीप्लेन टेंडर, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या मोठाल्या विमानांना उचलून घ्यायचं, तेल भरायचं, दुरुस्त करायचं जहाज, मागच्या बाजूला ३५ टनी क्रेन. फेब्रुवारीतल्या हल्ल्याच्या वेळी हे जहाज ट्रुकलाच होतं, मार खाल्ला पण निसटलं, आणि सात महिन्यांनी कोरॉनला येऊन बुडालं. ज्या जातीच्या विमानांसाठी ते बांधलं होतं, एमिली नावाच्या फ्लाइंग बोटी, त्यातली एक ट्रुकच्या तळाशी पडलीये. म्हणजे विमान तिकडे आणि क्रेन इकडे! हे भावाला दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "बरं, कोरॉन पण चालेल."

दुसरं इराको. नौदलाला खाऊपिऊ पुरवणारं जहाज, बर्फघरं वगैरे असलेलं, आणि याच्यावर बनणारी मोनाका नावाची मिठाई खलाशांत प्रसिद्ध होती, मोनाका म्हणजे कुरकुरीत पापडीत आपल्या पुरणासारखं लाल बियांचं गोड सारण. इराको सगळ्यात खोल, तळ चाळीसच्या थोडा खाली पण डेक तिशीच्या आसपास. ओकिकावा मारू हा टँकर दहा-बारा मीटरपासूनच सुरू होतो (जुन्या माहितीत हाच तैएइ मारू म्हणून सापडेल, गोंधळू नका). कोग्यो मारू बाजूवर आडवं पडलेलं, खोली वीस-पंचवीसपासून ३४ पर्यंत. म्हणजे आमच्या पट्ट्यात बसणारी, आत शिरता येण्यासारखी जहाजं एकमेकांपासून फार लांब नाहीत. फक्त पाणी ट्रुकइतकं स्वच्छ नाही हे मान्य करूनच जायचं, दहा-पंधरा मीटर दिसलं तर खूश व्हायचं. गोव्यातलं गढूळ पाणी पाहिलेल्यांना एवढं ऐषारामाचं वाटतं.

महिना एप्रिल धरला. हिवाळ्यात ईशान्येचं वारं जोरात असतं आणि जून-जुलैपासून पाऊस आणि वादळांचा हंगाम, मधले मार्च ते मे बरे, आणि मार्चएंडला माझ्या ऑफिसात सुट्टी मागणं म्हणजे राजीनामाच. इन्शुरन्सच्या बाबतीत एक सांगते, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कूबा बऱ्याचदा नसतंच, असलं तर खोलीची मर्यादा असते, तेव्हा बारीक अक्षरं वाचा. आम्ही डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेचं डायव्हरसाठीचं वेगळं कव्हर घेतलं, कारण डेकोचा आजार (घाईत वर आल्यावर अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होतात तो) झालाच तर प्रेशर चेंबरपर्यंत पोचायचा खर्चच मोठा. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. मनिलाहून बुसुआंगाला जाणारी विमानं छोटी, पंख्याची, कारण धावपट्टी आखूड, आणि सामानाची मर्यादा कडक, म्हणून रेग्युलेटर, कॉम्प्युटर, मास्क, टॉर्च एवढंच आपलं नेलं, बाकी भाड्याने. मनिलाला इंटरनॅशनलवरून डोमेस्टिकला जाताना टर्मिनल बदलायला लागू शकतं आणि तिथलं ट्रॅफिक आपल्या हिंजवडीला लाजवेल असं, भरपूर वेळ ठेवा.

कोरॉन गाव बुसुआंगा बेटावर आहे, कोरॉन नावाचं बेट समोर वेगळं, ते तागबानवा लोकांचं. सकाळी बांका निघते, दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेली लाकडी होडी, जहाजांपर्यंत तासभर किंवा जास्त. जेवण होडीतच, भात आणि मासे, शाकाहारी असाल तर भात आणि भात. मी मेतकूट नेलं होतं, दुसऱ्या दिवसापासून होडीवाले पण मागायला लागले.

पहिल्या दिवशी गाइडने आम्हाला कुठेच आत नेलं नाही. ओकिकावाच्या डेकवर फिरवलं, फिन कसे मारतो ते बघत होता. वर आल्यावर म्हणाला मॅम तुमचं ठीक आहे, सरांनी पाय वर ठेवायला पाहिजेत. कारण आत सगळीकडे बारीक गाळ बसलेला असतो, एक फिन खाली लागला की अर्ध्या मिनिटात काही दिसत नाही. भाऊ मग दिवसभर बेडकासारखे पाय मारायची प्रॅक्टिस करत होता. नियम साधे: बाहेरचा उजेड दिसत राहील तिथपर्यंतच, टाकीतल्या हवेचा तिसरा भाग संपला की मागे फिरायचं, दोन टॉर्च प्रत्येकी, आणि कशालाही हात लावायचा नाही, काही उचलायचं तर नाहीच. माणसं मेलीत तिथे.

कोग्योच्या पोटात सिमेंटच्या गोण्या आहेत. कापड कधीच कुजून गेलंय पण सिमेंट गोणीच्या आकारातच दगड झालंय, थरावर थर, वरच्या गोणीने खालची दबलेली ते पण दिसतं, कोपऱ्यांच्या चुण्यांसकट. धावपट्टी बांधायचं सामान असणार, कारण शेजारीच एक बुलडोझर आहे. मी टॉर्च त्या गोण्यांवर धरून किती वेळ थांबले माहीत नाही, गाइडने टाकी ठोकून बोलावलं.

आणि अकित्सुशिमा. डाव्या कुशीवर पडलंय, त्यामुळे आत गेलं की जमीन भिंत झालेली असते आणि दरवाजे आडवे. डोकं दोन मिनिटं ऐकतच नाही, शरीर आपोआप जहाजाच्या हिशोबाने सरळ व्हायला बघतं, मग तुम्ही स्वतः तिरके. उपाय एकच, आपले बुडबुडे बघायचे, ते जातील ती वरची बाजू. बाहेर आल्यावर गाइडने क्रेन दाखवली, जहाजाशेजारी तळावर आडवी, जाळीच्या लोखंडात बॅटफिशचा थवा. कॉम्प्युटरवर नो डेकोची सहा मिनिटं शिल्लक होती तेव्हा आम्ही निघालो, भाऊ सेफ्टी स्टॉपवर, म्हणजे वर यायच्या आधी थोडं थांबतात तिथे, लटकून हाताने क्रेनची खूण करत होता, परत परत.

शेवटच्या डाइव्हनंतरचा दिवस विमानासाठी मोकळा ठेवला होता, तो कायांगान तळ्यात आणि माकिनितच्या गरम पाण्याच्या कुंडात गेला.

माझ्यापुरतं विचाराल तर जहाजं ट्रुकचीच भारी, त्यात वाद नाही, पण हातात आठवडा-दहा दिवस, ४० मीटरच्या आतलं कार्ड आणि भारतीय पासपोर्ट असेल तर आधी कोरॉन करा, जहाजाच्या आत शिस्तीत कसं फिरायचं ते तिथे स्वस्तात शिकून होतं. ट्रुक सोडलेलं नाही आम्ही. भावाने टेक्निकल कोर्सची चौकशी सुरू केलीये, अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म पण भरलाय, तारीख मिळाली की तिकिटांचं बघू.