सातारा–बामणोली–तापोळा–महाबळेश्वर–पोलादपूर–भोर, सायकलवर: तापोळ्याचा चढ नीट समजून घ्या

"तापोळ्यापासून महाबळेश्वर सत्तावीस किलोमीटर. झाडीतला रस्ता आहे, दोन तासांत आरामात पोचाल." हे आम्हाला साताऱ्यात सांगितलं, बामणोलीत सांगितलं, तापोळ्यात जेवायला बसलो तिथेही सांगितलं. सांगणारे सगळे मोटरसायकलवर फिरणारे. लोड केलेल्या सायकलवर हा रस्ता दोन तासांत होत नाही. दुपारी दोननंतर तापोळ्याहून वर निघू नका. या लेखातली दुसरी कुठलीही गोष्ट विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

हिशोब सोपा आहे. तापोळा कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर आहे. तो काठोकाठ भरला तरी पाण्याची पातळी साधारण 659 मीटर असते. महाबळेश्वर 1372 मीटरवर आहे. म्हणजे सातशे मीटरची चढाई कागदावरच झाली. ती सत्तावीस किलोमीटरवर सारखी पसरलेली असती तर तक्रार नव्हती, पण तशी ती नाही. पहिल्या टप्प्यात रस्ता डोंगराच्या कुशीतून वळणं घेत जातो. प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरतो आणि ओढा ओलांडला की कमावलेली उंची पुन्हा कमवायला लावतो. पाय इथेच निम्मे संपतात, आणि उंची मात्र जवळपास तेवढीच राहिलेली असते. खरा घाट त्यानंतर सुरू होतो. वळणाच्या आतल्या बाजूला चढ इतका उभा आहे की पुढचं चाक हलकं होतं. तिथे बाहेरची बाजू धरा, समोरून गाडी येत नसेल तरच. डांबर बहुतेक ठिकाणी ठीक आहे, पण कडेला बारीक खडी साचलेली असते. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागेवर फिरतं. बसूनच चढवा.

माझ्या सायकलच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या दातचाकांच्या संचात, सगळ्यात मोठं चाक 34 दातांचं आहे, आणि पुढे पेडलपाशी तीन चेनरिंग (पुढची दातचाकं). सगळ्यात लहान चेनरिंग आणि सगळ्यात मोठं दातचाक या जोडीवर मी जवळजवळ सगळा घाट चढलो. मित्राकडे पुढे दोनच चेनरिंग आणि मागे 28. त्याने शेवटचे सहा-सात किलोमीटर बरंचसं अंतर सायकल ढकलत काढलं. तो माझ्यापेक्षा दणकट आहे, रोज सिंहगड करतो. दोष गिअरचा होता. रोड बाईकचे, म्हणजे शर्यतीच्या सायकलचे गिअर घेऊन, मागे पॅनियर (सामानाच्या पिशव्या) लावून इथे येऊ नका.

वाटेत एका टपरीवर पाणी भरलं. टपरीवरच्या मावशींनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता वर कुठं निघालाव बाबांनो? अंधार पडला की गवं रस्त्यावर येत्यात." आम्ही निघालो आणि त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. पुढच्या एका वळणावर संधिप्रकाशात चार गवे रस्त्याच्या मधोमध उभे होते, त्यात एक पिल्लू. गव्याच्या पायात गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. अंधारात आधी तेच दिसलं, अंग नंतर. आम्ही सायकली आडव्या धरून, दिवे खाली करून थांबलो. मागून जीप आली, तिच्या आवाजाने ते खाली उतरले. पिल्लू असलेल्या कळपाजवळून घंटी वाजवत पुढे जाण्याचा विचारही करू नका. थांबा, अंतर ठेवा, त्यांना जाऊ द्या. महाबळेश्वरला पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि हाताची बोटं ब्रेकवर नीट वळत नव्हती. नोव्हेंबरात सूर्य गेला की वर थंडी एकदम पडते. विंडचीटर पॅनियरच्या तळाशी ठेवू नका.

म्हणून स्पष्ट सांगतो: बामणोलीहून बोट सकाळी घ्या किंवा तापोळ्यात मुक्काम करा. आम्हाला उशीर होण्याचं कारण चढ नव्हता, बोट होती. तिच्याबद्दलही सविस्तर सांगायलाच हवं.

बामणोली-तापोळा हा टप्पा पाण्यातून जातो. बोटीचे दर साधारणपणे अख्ख्या बोटीचे असतात, माणशी नव्हे. तिकडे जाणारे आणखी कोणी असतील तर वाटून घेता येतात. आम्ही दर विचारला, परवडला, हो म्हटलं. सायकली काठावर आणल्या तेव्हा बोटवाला म्हणाला, "सायकलचं वेगळं पडंल." किती? एका सायकलचे दोन माणसांएवढे. बोट आमच्याशिवाय रिकामी होती. तासभर घासाघीस झाली. शेवटी निम्म्यावर ठरलं, आणि तेवढेसुद्धा द्यायला नको होते असं माझं आजही मत आहे. पैशांपेक्षा तो गेलेला तास महाग पडला, कारण तोच तास संध्याकाळी गव्यांच्या रस्त्यावर वसूल झाला. फलक लावलेला असेल तर तो आधी वाचा, आणि विचारताना पहिलंच वाक्य असं असू द्या: "दोन माणसं, दोन सायकली, सामानासकट, तापोळ्यापर्यंत, सगळं मिळून किती?" सायकल त्याच्या डोळ्यांसमोर उभी करून विचारा. काठावर इतर बोटवालेही असतात, पहिल्याच माणसाशी ठरवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला भेटलेल्या पुण्याच्या एका जोडीला सायकलींचं काहीच जादा पडलं नव्हतं.

बोटीत सायकल ठेवताना गिअरची बाजू वर ठेवा. आमची एक सायकल बोटीवरच्या पोराने मदत म्हणून ओढली आणि डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्रणेवर, आडवी केली. डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर किंचित वाकला आणि तापोळ्यानंतर सगळ्यात हलका गिअर लागताना डिरेलर स्पोकला घासायला लागला. ज्या चढावर त्या गिअरची सगळ्यात जास्त गरज, तिथेच हे. सुटा हँगर सोबत ठेवा. जुन्या ट्यूबचा तुकडा असेल तर सायकल बोटीच्या कठड्याला बांधता येते. सायकल स्वतः उचला, दुसऱ्याला हात लावू देऊ नका. आणि हा बेत पावसाळ्यानंतर लगेच, ऑक्टोबर ते डिसेंबरातच करा. तेव्हा धरण भरलेलं असतं. मे महिन्यात पाणी मागे हटतं आणि बोटीपर्यंत सायकल चिखलातून न्यावी लागते.

सातारा ते बामणोली हा भाग सुंदर आहे, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. यवतेश्वरचा घाट सकाळी सहाला सुरू केलात तर ऊन लागत नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, शनिवार-रविवारी जाऊ नका. गाड्यांच्या रांगेत सायकल चालवण्यात काही अर्थ नाही.

महाबळेश्वरला एक रात्र पुरे. बाजारपेठेत पोटभर जेवा आणि सकाळी लवकर निघा, कारण पुढचा आंबेनळी घाट हे या सगळ्या फेरीचं बक्षीस आहे. इतकी चांगली उतरण मी सह्याद्रीत दुसरीकडे चालवलेली नाही, आणि वरंध, ताम्हिणी, कुंभार्ली सगळे चालवले आहेत. आधी रस्ता कोयनेच्या खोऱ्यात उतरतो, प्रतापगडाच्या फाट्यापाशी थोडा चढतो, आणि मग खिंड ओलांडली की थेट कोकण. खिंडीच्या मागच्या बाजूचं पाणी कोयनेतून कऱ्हाडला कृष्णेत जाऊन पूर्वेच्या समुद्राची वाट धरतं, पुढच्या बाजूचं सावित्रीतून पश्चिमेला जातं. हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं, पण खिंडीत सायकल उभी करून दोन्हीकडे पाहिलं की अंगावर येतं. फाट्यावरून प्रतापगड करायचा असेल तर पॅनियर एखाद्या हॉटेलात ठेवून जा.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम ब्रेक असतील तर दर चार-पाच किलोमीटरला थांबून रिमवर हात लावून पाहा. चटका बसला तर दहा मिनिटं थांबा. धुक्यात मागचा दिवा चालू ठेवा, एसटी वळणावर पूर्ण रस्ता घेते. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, रस्ता बंद होतो, तेव्हा इकडे फिरकूच नका. खाली पोलादपूरला हवा इतकी दमट की जॅकेटसकट भिजलो, पण तेव्हा मला कशाचीच पर्वा नव्हती. आदल्या रात्री ही फेरी कोणालाही सांगणार नाही असं ठरवलं होतं. पोलादपुरात मिसळ खाताना ठरवलं की सगळ्यांना सांगायचं.

पोलादपूर-महाड हा हायवे आहे. कडेने निघा, संपवा. महाडपासून बिरवाडीमार्गे वरंध घाट चढायचा. हा चढ लांब आहे, पण प्रामाणिक आहे: एकदा लागला की लागला, ओढ्यांत उतरवत नाही. तापोळ्यानंतर तो कोणालाही जमेल. काही भागात रस्ता उखडलेला मिळाला, 38 मिलिमीटरपेक्षा बारीक टायर आणू नका. वाघजाईच्या देवळापाशी भजी आणि चहा मिळतो, तिथे पाणीही भरून घ्या. पावसाळ्यात हा घाटही बंद ठेवतात, निघण्यापूर्वी चौकशी करा. घाटमाथ्यानंतर नीरा-देवघरच्या पाण्याकडेने भोरपर्यंतचा रस्ता सोपा आहे.

भोरहून पुण्याला जायचं असेल तर कापूरहोळला हायवे धरू नका. कंटेनर आणि एसटीच्या मधून खेड-शिवापूरपर्यंत जीव मुठीत धरून जाण्यात शहाणपणा नाही. कापूरहोळहून नारायणपूर-सासवडकडे वळा. थोडा चढ आणि काही किलोमीटर जास्त आहेत, पण रस्ता शांत आहे. सासवडहून दिवे घाटाऐवजी बोपदेव घाटाने उतरा, तिथे अवजड गाड्या कमी असतात.