तिसऱ्या जोडीत उभी राहा : स्कॉटिश कंट्री डान्सिंग शिकतानाचा माझा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही एडिंबराला आलो तेव्हा ऑक्टोबर होता, आणि डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडायला लागला तसा मला घर खायला उठायला लागलं. मुलगी शाळेत रमली, हा ऑफिसात, मी दिवसभरात बोलायचे ते दुकानात काउंटरवर थँक्यू, बास. लायब्ररीच्या बोर्डवर एक कागद लावलेला, मंगळवारी सात वाजता चर्चच्या हॉलमधे स्कॉटिश कंट्री डान्सिंग, नवशिके चालतील, पार्टनर नसला तरी चालेल. त्या शेवटच्या ओळीसाठी मी गेले.

आपल्याकडे स्कॉटिश नाच म्हटलं की तलवारींवर उड्या मारत एकट्याने करायचा नाच आठवतो, तो हायलँड डान्स, तो वेगळा. कंट्री डान्स सगळ्यांनी मिळून करायचा. बहुतेक वेळा चार जोड्यांचा सेट, समोरासमोर दोन रांगा, संगीत एकतर भराभर चालणारं रील नाहीतर जिग, किंवा संथ असा स्ट्रॅथस्पे. ३२ बारचा (बार म्हणजे संगीतातलं एक आवर्तन) एक फेरा, असे आठ फेरे, प्रत्येक जोडी दोनदा नाच चालवते आणि मग खाली शेवटच्या जागेवर जाते. म्हणजे कुणीच कायम पुढे नसतं, आणि मला हे फार आवडलं.

पहिल्या दिवशी मी कोट न काढताच भिंतीला टेकून उभी होते. सत्तरीच्या एक बाई सरळ आल्या, हात धरला आणि म्हणाल्या, तू तिसऱ्या जोडीत उभी राहा. का ते मला नंतर कळलं. तुमची पाळी येईपर्यंत पहिल्या दोन जोड्यांचे मिळून चार फेरे तुम्ही बघितलेले असतात, आणि नुसते बघितलेले नाही, बाजूने हात देत देत त्यात थोडे नाचलेलेही असता. नवीन माणसाला तिथेच उभं करायचं हे तिथे सगळ्यांना माहीत असतं, त्यासाठी कुणी सूचना देत नाही. आणि पार्टनर दर नाचाला बदलायचा, त्यामुळे एका संध्याकाळीच मी दहाबारा जणांशी हात मिळवले. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी माझा हात हातात घेतला होता हो, घरच्यांशिवाय.

मग खरा अभ्यास सुरू झाला. रील ऑफ थ्री, फिगर ऑफ एट, राइट्स अँड लेफ्ट्स, कास्ट ऑफ, नाचातल्या या रचनांची नावंच पाठ होईनात. वहीत देवनागरीत लिहून काढली. घरी जेवणाच्या टेबलावर चार स्टीलचे पेले म्हणजे पुरुष आणि चार वाट्या म्हणजे बायका असा सेट मांडायचे आणि पहिली वाटी दुसऱ्या जोडीच्या मधून फिरवायचे, मुलगी शेजारी बसून बार मोजायची. डोक्यात बसलं ते असंच. पायात बसायला मात्र वेळ लागला, पा द बास्क नावाची जागच्या जागी करायची स्टेप आहे ती यायला मला चार महिने लागले. गिली म्हणतात ते मऊ चामड्याचे लेसवाले बूट त्याच बाईंनी त्यांचे जुने आणून दिले, कापडी पिशवीत नीट गुंडाळून, आणि खाली वाकून लेस घोट्याभोवती कशी घ्यायची ते स्वतः बांधून दाखवलं. सत्तरीची बाई माझ्या पायाशी बसलेली, मला कसंतरीच झालं.

दोन्ही हात धरून फिरायचं असतं तिथे मी सुरवातीला हात ढिले सोडायचे. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते (तिथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मी मनात काकाच म्हणायचे), त्यांनी सांगितलं की थोडं मागे झुक, तुझं वजन मला दे. मला एकदम फुगडी आठवली, दोघींनी सारखं झुकलं नाही तर ती फिरतच नाही. काका कधी ओढायचे नाहीत की ढकलायचे नाहीत. मी चुकले की जिकडे जायचं तिकडे नुसतं बघायचे आणि हात पुढे धरून ठेवायचे, मी पोचेपर्यंत.

चहाच्या वेळेला टीचरनी सांगितलं की जुने नाच विसरले जातील म्हणून १९२३ मधे ग्लासगोला जीन मिलिगन आणि इसोबेल स्ट्युअर्ट या दोघींच्या पुढाकाराने स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी सुरू झाली, १९५१ मधे तिला रॉयल हा मान मिळाला. नाच लिहून ठेवले, छापले, म्हणून एडिंबरात शिकलेला नाच टोरांटोत नाहीतर टोकियोत जाऊन अनोळखी लोकांबरोबर करता येतो.

फेब्रुवारीत पहिला मोठा डान्स, अकॉर्डियन आणि फिडलचा, म्हणजे व्हायोलिनचा, लाइव्ह बँड. त्यात होता रील ऑफ द फिफ्टी फर्स्ट डिव्हिजन. जून १९४० मधे फ्रान्समधे सेंट व्हालेरीला सैन्याच्या या स्कॉटिश डिव्हिजनचा मोठा भाग जर्मनांच्या हाती पकडला गेला आणि त्यातल्या युद्धकैद्यांनी जर्मन छावणीत हा नाच बसवला. मधे चौघं हात धरून तिरकी रांग करतात, मग दुसऱ्या बाजूने तिरकी, दोन्ही मिळून सेंट अँड्र्यूचा क्रॉस, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा. मी कोपऱ्यावर होते. रांग ताणली गेली, माझ्या उजव्या हाताला घट्ट पकड जाणवली आणि कैदेत हे असे हात धरून उभे राहिले असतील ते डोळ्यासमोर आलं, मला रडू आलं, नाचतानाच.

यंदा काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते आता चहाच्या टेबलाजवळ खुर्चीवर बसतात, तरी मी अडखळले की लांबून बोटाने दिशा दाखवतात. गेल्या मंगळवारी शेवटच्या स्ट्रॅथस्पेला एक माणूस कमी पडत होता, ते काठी भिंतीला लावून उठले. कुणी काही बोललं नाही, टीचरनी चाल हळू केली आणि सगळा सेट स्टेप्स सोडून चालत नाचला, पट्टीचे नाचणारेसुद्धा. काका माझे पार्टनर, आम्ही तिसऱ्या जोडीत. आमची पाळी आली तेव्हा मी हात पुढे धरला आणि थांबले, ते सावकाश आले. शेवटी त्यांनी वाकून बो केला, मी गुडघे वाकवून कर्ट्सी केली, आणि माझ्या दंडाला धरून ते खुर्चीपर्यंत आले.