पैसे नक्की जातात कुणाकडे?

भाच्याने नुकतंच डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) उघडलंय आणि त्याची पक्की समजूत, की ॲपवर शेअर घेतला की आपले पैसे त्या कंपनीला मिळतात. तसं नसतं. कंपनी लोकांकडून पैसे उभे करते ते आयपीओत (शेअरच्या पहिल्या जाहीर विक्रीत), म्हणजे प्रायमरी मार्केटमध्ये, तिथे अर्ज केला की खात्यातली रक्कम फक्त ब्लॉक होते आणि शेअर लागले तरच कापली जाते (त्यातही ऑफर फॉर सेल असेल तर तेवढे पैसे जुन्या मालकांच्या खिशात, हे प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे आयपीओच्या माहितीपत्रकात, बघाच). नंतर रोज सव्वानऊ ते साडेतीन चालतं ते सेकंडरी, एकाने विकायचं दुसऱ्याने घ्यायचं, कंपनीला त्यातलं काही नाही. पण हवं तेव्हा विकून मोकळं होता येतं म्हणूनच लोक आयपीओत पैसे घालतात ना!

एफ अँड ओबद्दल (फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) एकच सांगते, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत दहातले नऊहून जास्त किरकोळ ट्रेडर तोट्यात निघाले. लांब राहा.

मला खरं बोलायचंय ते बॉण्डबद्दल. फोर्टात गेलं की सगळे दलाल स्ट्रीटवरच्या बैलासोबत फोटो काढतात, पण तिथून चालत जाण्याच्या अंतरावर रिझर्व्ह बँक आहे आणि सरकारची कर्जउभारणी तीच सांभाळते, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. शेअर घेतला की तुम्ही मालक, नफा झाला तर डिव्हिडंड, कंपनी बुडाली तर सगळ्यांची देणी भागवून उरलं तरच तुमचं. बॉण्ड घेतला की तुम्ही सावकार, व्याज ठरलेलं. २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर आपणही सरकारी रोखे, म्हणजे सरकारचे बॉण्ड, थेट घेऊ शकतो, दहा हजारांपासून.

फक्त भाव हलतो हे लक्षात ठेवा. समजा १०,००० चा ७ टक्क्यांचा रोखा आहे, एक वर्ष उरलंय, म्हणजे शेवटी हातात १०,७०० येणार. आता बाजारात ८ टक्के मिळायला लागले तर तुमचा रोखा कुणी पूर्ण किमतीला का घेईल? तो साधारण ९,९०७ लाच मागेल. मुदत जितकी लांब तितका हा फटका मोठा, आणि व्याजदर उतरले की उलट फायदा. मुदतीपर्यंत धरून ठेवलात तर या चढउताराने काही बिघडत नाही. कंपन्यांचे बॉण्ड जास्त व्याज देतात ते बुडण्याच्या धोक्यापोटी, तेव्हा आधी रेटिंग (कर्ज फेडण्याची पत किती, याचा दर्जा) बघा, मग टक्के.