दोन हजार वर्षांची झोप

गेल्या महिन्यात एका रविवारी, जेवणे आटोपल्यावर, मी ‘प्रोमीथिअस’ हा चित्रपट तिसऱ्यांदा पाहत बसलो होतो आणि आई शेजारी वर्तमानपत्र पसरून डाळिंब्या सोलत होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातले की साल सैल होते. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून किंचित दाबले की दाणा टुणकन पातेल्यात पडतो आणि साल बोटांत राहते. आईला इंग्रजी कळत नाही, पण पडद्यावर काही हलत असले की तिचे लक्ष अधूनमधून तिकडे जाते आणि बोटे आपले काम करीत राहतात.

तेवढ्यात तो प्रसंग आला. मानवजात ज्यांनी निर्माण केली, त्या परग्रहावरच्या ‘इंजिनिअर’ मंडळींपैकी एकजण त्यांच्या यानात शीतनिद्रेत पडलेला असतो. त्याचे सगळे सोबती दोन हजार वर्षांपूर्वीच मरून गेलेले आहेत. पृथ्वीवरून आलेली माणसे त्याला जागे करतात. पांढराफटक, माणसाहून कितीतरी उंच असा तो धडपडत उठतो, समोर उभ्या असलेल्या ठेंगण्या जीवांकडे पाहतो आणि डेव्हिड नावाचा यंत्रमानव त्याच्याशी त्याच्याच भाषेत दोन वाक्ये बोलतो. तो डेव्हिडच्या डोक्यावरून मायेने हात फिरवतो, दुसऱ्या क्षणी ते डोके मुळापासून उपटतो आणि त्याच डोक्याने या मोहिमेचा खर्च करणाऱ्या म्हाताऱ्या वेलंडला हाणतो.

आईचा हात थांबला. ‘‘झोपलेल्याला उठवलं ना?’’ ती म्हणाली. ‘‘मग असंच होणार.’’

हा चित्रपट २०१२ साली आला, तेव्हा आम्ही चार मित्र तो पाहून बाहेर पडलो आणि चहाच्या टपरीवर रात्री साडेबारापर्यंत याच एका प्रश्नावर भांडत उभे राहिलो. त्यांनी आपल्याला निर्माण का केले, आणि निर्माण केल्यावर काळ्या द्रवाने भरलेली भांडी यानात रचून आपल्याला नष्ट करायला ते का निघाले होते? एकाचे म्हणणे होते की आपण प्रयोगशाळेतले उंदीर आहोत. दुसऱ्याला खात्री होती की त्यांच्यात दोन तट होते, एक घडवणाऱ्यांचा आणि दुसरा मोडणाऱ्यांचा. तिसऱ्याने दोन हजार वर्षे या आकड्यावर बोट ठेवले आणि येशूला सुळावर चढवल्यामुळे ते रागावले असावेत, असे सांगितले. आम्ही त्याला वेड्यात काढले. पुढे वाचनात आले की येशू हा त्यांनीच पाठवलेला दूत असावा, असा विचार दिग्दर्शक रिडली स्कॉट यांच्या मनात खरोखरच होता आणि तो फारच उघडउघड होईल म्हणून त्यांनी गाळला. मित्राची मी अजून माफी मागितलेली नाही.

माझा स्वतःचा सिद्धान्त पहिल्या प्रसंगावर उभा होता. आइसलंडमधल्या डेटीफॉस या प्रचंड धबधब्याच्या काठावर एक इंजिनिअर एकटाच उभा आहे, वाटीतले काळे द्रव्य पितो आणि त्याचे शरीर तुकडे तुकडे होऊन पाण्यात मिसळते, त्यातून जीवसृष्टीची बीजे पसरतात. ज्याने लहानपणी गणपतीच्या अभिषेकाला मांडी घालून पुरुषसूक्त ऐकले आहे, त्याला हे ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही. तिथेही पुरुषाचा यज्ञ होतो आणि त्याच्या अवयवांतून सूर्य, चंद्र, पशू आणि माणसे उत्पन्न होतात. म्हणून माझे मत असे की निर्मिती हे त्यांच्या दृष्टीने बलिदान होते आणि ज्या जमातीत मरून जन्म देणे हाच धर्म, तिला मरायलाच तयार नसलेल्या वेलंडसारख्या लेकरांची किळस येणे स्वाभाविक होते. हा सिद्धान्त मी अनेक वर्षे बाळगला, चारचौघांत मांडला आणि त्यावर थोडाफार भावही खाल्ला. आईच्या एका वाक्याने त्याची अवस्था सोललेल्या डाळिंबीसारखी झाली.

कारण त्या प्रसंगात डेव्हिड नेमके काय बोलतो हे पडद्यावर लिहून येत नाही. त्या क्षणी लंडनचा प्रेक्षक आणि माझी आई अगदी एका पायरीवर असतात. त्यातही गंमत अशी की ती भाषा आदिम भारोपीय भाषेवर, म्हणजे संस्कृत, लॅटिन वगैरेंची जी मूळ भाषा मानतात तिच्यावर, बेतलेली आहे आणि प्रवासात डेव्हिड तिचा सराव करतो तो मेंढी आणि घोडे यांच्या गोष्टीवर. आउगुस्ट श्लायखर या जर्मन भाषापंडिताने १८६८ साली त्या हरवलेल्या भाषेत ही गोष्ट रचली. तिच्या मथळ्यातल्या ‘अविस्’ आणि ‘अक्वासस्’ या शब्दांत आपले संस्कृतातले अवि आणि अश्व सहज दिसतात. गोष्ट एवढीच की मेंढी घोड्यांना म्हणते, माणूस तुम्हाला राबवतो हे पाहून माझे काळीज तुटते. घोडे म्हणतात, तो तुझी लोकर स्वतःच्या पांघरुणासाठी घेतो आणि तुला उघडे ठेवतो, हे पाहून आमचे तुटते. हे ऐकून मेंढी रानात पळून जाते. मालकाच्या मनात काय आहे, हे तिने मालकाला विचारलेले नाही. शहाणी होती.

तसे पाहिले तर चित्रपटातही तो प्रश्न विचारलाच जात नाही. मोहिमेतली संशोधक एलिझाबेथ शॉ जिवाच्या आकांताने ओरडते की त्याला विचारा, आमचे काय चुकले, तुम्ही आमचा द्वेष का करता; आणि वेलंडचा एक रखवालदार तिच्या पोटात बंदुकीचा दस्ता हाणून तिला गप्प करतो. मग पुढे सरकतो तो म्हातारा, ज्याला आयुष्य वाढवून हवे आहे. दोन हजार वर्षांची झोपमोड केली, तीही उसनवारीसाठी. आमच्या घरी दुपारी एक ते चार या वेळात दार वाजवणाऱ्या वर्गणीवाल्यांशी मी स्वतः ज्या सुरात बोलतो, तो आठवला आणि मला प्रथमच त्या इंजिनिअरची बाजू पटली.

हेतूंविषयी माझा अनुभव फार उच्च प्रतीचा नाही, हेही खरे. चाळीत असताना आम्ही दर दिवाळीला किल्ला करायचो. दगडविटा रचून त्यांवर गोणपाट, गोणपाटावर चिखल, त्यात अळीव पेरायचे, म्हणजे चार दिवसांत डोंगराला हिरवळ फुटते. बुरूज, तळे, आगपेटीच्या खोक्यांची बाजारपेठ, माथ्यावर सिंहासनावर महाराज आणि पायथ्यापासून रांगेने मावळे. पाणी शिंपडताना एखादा मावळा कलंडला तर आम्ही त्याला दोन बोटांनी उचलून, पुसून पुन्हा उभा करायचो. इतके प्रेम मी पुढे क्वचितच कशावर केले असेल. आणि एका वर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, महाराजांना तेवढे आदराने उचलून घरात ठेवल्यावर, आम्ही बोगद्यात सुतळी बॉम्ब लावला. मावळे तसेच उभे होते. चिखल दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत उडाला. समोरच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘मेल्यांनो, आठ दिवस खपून केलात आणि उडवलात कशाला?’’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. दिवाळी संपली होती आणि एक बॉम्ब उरला होता, याहून वेगळे कारण मला आजही सापडत नाही. हात तुटलेला एक मावळा नंतर कितीतरी वर्षे माझ्या कंपासपेटीत होता. त्याला काय वाटले असेल, यावर मी फार विचार केला नाही.

चित्रपटात होलोवे नावाचा संशोधक दारूच्या नशेत डेव्हिडला सांगून टाकतो की आम्हाला जमत होते म्हणून आम्ही तुला बनवले. त्यावर डेव्हिड शांतपणे विचारतो की तुमच्या निर्मात्याकडून तुम्हाला हेच उत्तर मिळाले तर किती निराशा होईल, याची कल्पना करता येते का. होलोवे हे हसण्यावारी नेतो. शेवटी शॉ डेव्हिडचे तुटलेले डोके बरोबर घेऊन इंजिनिअरांच्या मूळ ग्रहाकडे निघते, जाब विचारायला; पण २०१७ साली आलेल्या पुढच्या चित्रपटात कळते की डेव्हिडने तेच काळे द्रव्य त्यांच्या नगरावर ओतून त्यांचे बारावे उरकून टाकले आहे. आता विचारणार कोणाला?

हे सगळे मी आईला समजावून सांगितले. यज्ञ, मेंढी, येशू, काहीही सोडले नाही. पुरुषसूक्तापाशी तिने मान हलवली होती असे मला वाटते. बोलता बोलता माझ्या लक्षात आले की निर्मात्याचा हेतू काय, हा प्रश्न मी बारा वर्षांहून अधिक काळ सगळ्यांना विचारत आलो आहे, आणि माझ्या बाबतीत ज्या व्यक्तीला त्याचे उत्तर ठाऊक असण्याची शक्यता आहे, ती माझ्यापासून दोन हातांवर बसलेली आहे. प्रश्न अगदी ओठांवर आला. मी वळून पाहिले.

आई भिंतीला टेकून झोपली होती. मांडीवरचे पातेले कलले होते, चिमटीत एक डाळिंबी अर्धी सोललेली तशीच होती. घड्याळात पावणेतीन वाजले होते. मी दूरचित्रवाणीचा आवाज बंद केला, पातेले हळूच काढून घेतले आणि उरलेले वाल सोलायला बसलो.