कात्लाच्या भूकंपांचा सीझन आणि माझा थिसिस

मी पाटणची, कोयनेच्या धक्क्यांत वाढलेली. पावसाळ्यात धरण भरलं की पुढच्या महिन्यांत भांडी जरा जास्त वाजतात हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं, त्यामुळे मास्टर्सच्या थिसिसला कात्ला मिळाला तेव्हा मला परकं वाटलंच नाही. कात्ला म्हणजे आइसलंडच्या दक्षिणेचा ज्वालामुखी, मिरदाल्सयोकुल या हिमनदीखाली गाडलेला, वर कुठे कुठे 700 मीटर जाड बर्फ. शेवटचा मोठा उद्रेक 1918 च्या ऑक्टोबरात झाला. बारीक भूकंप मात्र चालूच असतात, पण वर्षभर सारखे नाहीत.

भूकंपांच्या नोंदींचा कॅटलॉग डाउनलोड केला, महिन्यांप्रमाणे मोजणी केली, ग्राफ लगेच आला. कॅल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या मोठ्या खोलगट खड्ड्याच्या, आतले भूकंप उन्हाळ्यात वाढतात, आणि त्याच्या पश्चिमेला गोदाबुंगा नावाच्या भागातले उन्हाळा सरल्यावर, शरदात. मला वाटलं झालं काम. गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "हिवाळ्यात भूकंप कमी होतात, की आपल्याला कमी ऐकू येतात?"

इथे दोन महिने गेले. जानेवारीतल्या वादळाच्या दिवसाचं भूकंपमापकाचं रेकॉर्ड उघडलं तर रेघ दिवसभर केसाळ सुरवंटासारखी फुगलेली, त्यात छोटा भूकंप असला तरी दिसणार कसा? आणि जुलैतली वारा पडलेली रात्र बघितली तर सरळ रेघ, मध्येच टोकदार उसळी, लगेच मागून दुसरी मोठी, अगदी स्वच्छ. मग वादळातही सुटणार नाहीत एवढ्या मॅग्निट्यूडच्या वरचेच भूकंप ठेवले, बराच डेटा गेला आणि खूप हळहळ वाटली, पण उन्हाळ्याचा उंचवटा खाली आला तरी गेला नाही. शिवाय एकाच दिवशी आलेला भूकंपांचा थवा अख्खा महिना फुगवतो, म्हणून प्रत्येक वर्ष वेगळं बघितलं.

कारणं दोन धरतात. बर्फ वितळला की खडकावरचं वजन उतरतं, आणि ते पाणी तळाशी जाऊन भेगांतला दाब वाढवतं, मग भेग सरकते. कोयनेला वजन चढतं, इथे उतरतं, पण भेगेत शिरणारं पाणी दोन्हीकडे आहेच, आणि मला वाटतं खरी किल्ली तीच. गोदाबुंगाला उशीर का, तर दाब खोलवर पोचायला वेळ लागतो असं एक म्हणणं, पण तिथले धक्के मॅग्माचे की खुद्द हिमनदीचे यावरच वाद आहे.

हा नुसता ग्राफचा विषय नाही. 2011 च्या जुलैत याच कॅल्डेरातून पूर आला आणि 9 तारखेला मूलाक्विस्ल नदीवरचा हायवेचा पूल वाहून गेला. उन्हाळ्यातला कुठला थवा नेहमीचा आणि कुठला काळजीचा, हे ठरवायला नेहमीचं म्हणजे किती ते आधी माहीत पाहिजे ना.

व्हायव्हात मॅडमनी परत तोच प्रश्न विचारला. या वेळी मी फक्त शांत वाऱ्याच्या दिवसांचा ग्राफ पुढे ठेवला, त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग पुढची स्लाइड लावायला सांगितली.